दादरच्या गॅलरीतली स्टंपजंपर: एका जुन्या स्टील सायकलचं मोल ठरवताना

पार्श्वभूमी

दादरला, चौपाटीपासून चालत पाच-सात मिनिटांवरची एक तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरने भाड्याचे चेक दिले, जागा रिकामी करायची तारीख दिली आणि घराघरांतून चाळीस-पन्नास वर्षांचं सामान जिन्यात येऊ लागलं. दुसऱ्या मजल्यावर काकू एकट्या राहत होत्या. काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला. मी जुन्या सायकली पारखतो आणि तो माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. सायकलीबद्दलचं सगळं मात्र जसं होतं तसं लिहितो आहे.

गॅलरीच्या टोकाला, बोटीवरून आणलेल्या जाड ताडपत्रीखाली एक सायकल उभी होती. काकांनी ती १९८८ साली अमेरिकेतून आणली. त्या काळी आपल्याकडे अशी सायकल रस्त्यावर दिसली की पोरं मागे धावायची. काका सुट्टीवर आले की पहाटे शिवाजी पार्कला फेऱ्या मारायचे. पुढे मुलाला शाळेत सोडायला म्हणून त्यांनी तिला कॅरिअर, स्टँड, मडगार्ड आणि एक घंटी बसवून घेतली. शेवटची वीस-बावीस वर्षं ती ताडपत्रीखालीच होती.

दांड्यावर पुसट अक्षरांत नाव होतं: स्पेशलाइज्ड स्टंपजंपर. स्पेशलाइज्ड ही अमेरिकन कंपनी आणि स्टंपजंपर ही तिची माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची सायकल.

प्रश्न

भंगारवाल्याने चारशे रुपये सांगितले होते. लोखंडाचा भाव आणि तेरा किलोच्या आसपासचं वजन पाहता त्याचं काही चुकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकांनी मोबाइलवर नाव शोधलं आणि हीच सायकल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे असं सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याखाली काही हजार डॉलर मागणारी कुणाचीतरी जाहिरातही होती. रात्रीपर्यंत मजल्यावर बातमी पसरली की काकूंच्या गॅलरीत पाच लाखांची सायकल आहे. एका गृहस्थांनी तर ती ‘अँटिक’ म्हणून सरकारजमा होईल अशी भीती घातली. ती भीती लगेच काढून टाकता आली. १९७२च्या पुरावशेष कायद्यात वस्तू निदान १०० वर्षांची असावी लागते, हस्तलिखितं ७५ वर्षांची. १९८८ची सायकल त्यात येत नाही.

चारशे आणि पाच लाख यांच्यामध्ये खरा आकडा कुठे आहे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न घाईचा होता. मुलाने परळच्या एका गॅरेजवाल्याशी बोलून ठेवलं होतं. अडीच हजारांत घासून, गाडीचा लाल रंग मारून, ‘नवी करून’ मिळणार होती. रविवारी टेम्पो येणार होता. मी शुक्रवारी रात्री पोहोचलो.

पहिली पाहणी

अशा वेळी मी सगळ्यात आधी लोकांना हात लावण्यापासून थांबवतो. धुळीत आणि ग्रीसमध्ये सायकलीचा इतिहास असतो. कुठला नट कधीच उघडलेला नाही, कुठला पार्ट नंतर बदललाय, हे मळ सांगतो. इथे थोडा उशीर झाला होता. वॉचमनने मदत म्हणून सीटखालची नळी काथ्या आणि भांडी घासायच्या पावडरीने स्वच्छ केली होती. फ्रेम कुठल्या नळ्यांची आहे ते सांगणारं स्टिकर नेमकं तिथेच असतं. त्याचा खालचा अर्धा भाग तेवढा उरला होता, ‘डबल बटेड’ एवढंच वाचता येत होतं.

डबल बटेड म्हणजे टोकांना, जिथे जोड येतो तिथे, जाड आणि मध्ये पातळ ओढलेली नळी. क्रोम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, म्हणजे क्रोमोलीची अशी नळी असेल तर ताकद तीच ठेवून वजन बरंच उतरतं. आपल्याकडच्या साध्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, हाय-टेन नावाच्या स्वस्त पोलादाच्या असतात. त्यांच्या नळ्या जाड असतात.

स्टिकर अर्धं असलं तरी सीटपोस्ट, म्हणजे सीटला धरून नळीत उतरणारा दांडा, खोटं बोलत नाही. त्यावर व्यास कोरलेला होता, २६.८ मिलिमीटर. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास मी कॅलिपरने मोजला, २८.६. वजाबाकी करून निम्मं केलं की भिंत साधारण ०.९ मिलिमीटर येते. शेजारच्या पोराची साधी एमटीबी तिथेच उभी होती. तिचा सीटपोस्ट २५.४चा, म्हणजे भिंत जवळजवळ दुप्पट जाड. काकूंना मी दोन्ही दांड्यांवर टिचकी मारून दाखवली. एक बद्द वाजला, दुसरा पितळी भांड्यासारखा किणकिणला. काकू म्हणाल्या, “अरे, हे म्हणायचे ते की ही सायकल वाजते. मला वाटायचं घंटीबद्दल बोलतायत.”

मग नुकसान शोधलं. समोरून धडकलेली सायकल हँडलखालच्या नळीच्या पोटात, पुढच्या जोडाच्या थोडं मागे, ओळखू येते. तिथे रंगाला सुरकुती पडते किंवा बोटाला बारीक उंचवटा लागतो. इथे काही नव्हतं. पुढच्या चिमट्याच्या डोक्यापासून सुतळी घेऊन मागच्या चाकाच्या दोन्ही खाचांना गुंडाळली आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. एका मिलिमीटरच्या आतबाहेर फरक. फ्रेम सरळ होती.

मिस्त्रींची शंका

शनिवारी सकाळी मुलाने जवळच्या सायकलवाल्या मिस्त्रींना ओव्हरऑइलिंगसाठी बोलावलं. पन्नास वर्षं धंद्यात असलेला माणूस, हात सोन्याचा. त्यांनी मागचं चाक उचलून पायडल फिरवलं. चेन वर-खाली होत होती. “साहेब, चेनव्हील वाकलंय. तिन्ही वाकलीत. टाकून द्या, गोल बसवून देतो.”

ती वाकलेली नव्हती. घडवतानाच लंबगोल केलेली होती. ऐंशीच्या दशकात शिमानो या सायकलीचे पार्ट बनवणाऱ्या जपानी कंपनीने बायोपेस नावाची अशी चक्रं काढली होती, पायाचा जोर फेरीभर सारखा पडत नाही या विचाराने. पुढे ती मागे पडली. मी चिंधीने काळा थर पुसला तेव्हा खालून ‘बायोपेस’ अशी कोरलेली अक्षरं निघाली. मिस्त्रींनी चष्मा लावून ती दोनदा पाहिली आणि मग स्वतःच माझ्याकडून चिंधी घेऊन उरलेलं पुसायला बसले. जगात अशी कितीतरी चक्रं ‘वाकलेली’ म्हणून भंगारात गेली असणार. मूळ सायकलीवर मूळ चक्रं असणं आज मोलाचं आहे.

टायरचीही एक चूक त्यांच्या हातून होता होता टळली. आपल्याकडे ‘२६ इंची’ म्हणून दोन मापं चालतात. साध्या सायकलीचं २६ × १ ३/८ हे ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसतं आणि माउंटन बाइकचं ५५९च्या रिमवर. नाव एक, चाकं वेगळी. हा आकडा टायरच्या कडेवर लिहिलेला असतो.

पण टायरच्या बाबतीत खरी चूक माझ्या हातून आधीच, शुक्रवारी रात्री, झाली होती. कडा तडकल्या होत्या, हाताला काळी भुकटी लागत होती. मी वॉचमनला सहज म्हणालो, “हे टाकून दे.” सकाळी ते गेले.

वर्ष कसं ठरवलं

इथे मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटला, कारण पाच लाखांचा सगळा डोलारा वर्षावर उभा होता.

माउंटन बाइकचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतला. तिथली मंडळी फुग्याच्या टायरांच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावर चढवून खाली सोडायची. १९७६च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली आणि त्या उताराचं नाव पडलं रीपॅक. खाली येईपर्यंत मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून हे नाव. जो ब्रीझ यांनी १९७७मध्ये खास या कामासाठी पहिली फ्रेम बांधली. तीही आज स्मिथसोनियनमध्ये आहे. मग टॉम रिची अशा फ्रेम बांधू लागले आणि गॅरी फिशर, चार्ली केली त्या विकू लागले. हे सगळं हाताने आणि थोडक्या संख्येत चाललं होतं. १९८१मध्ये स्पेशलाइज्डने रिचींच्या फ्रेमवर बेतलेली सायकल जपानमध्ये कारखान्यात बांधून आणली, तीच पहिली स्टंपजंपर. माउंटन बाइक सर्वसाधारण दुकानात पोहोचली ती तिच्यामुळे, म्हणून ती संग्रहालयात आहे.

तिचं रूप वेगळं आहे. हँडल आणि त्याला धरणारा स्टेम एकसंध त्रिकोणी, मोटारसायकलसारखे लांब ब्रेक लिव्हर, फ्रेंच बनावटीचे माफाक ब्रेक, टीए कंपनीचे क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे. काकूंच्या सायकलीवर यातलं काहीही नव्हतं. स्टंपजंपर हे नाव मात्र पुढे वर्षानुवर्षं चालू राहिलं. नाव एकच आणि मधे सात वर्षं.

सात वर्षं हे कशावरून, तर शिमानोच्या पार्टांवरून. त्या काळच्या पार्टांच्या मागे रोमन लिपीतली दोन अक्षरं ठोकलेली असतात. पहिलं वर्ष, दुसरं महिना. वर्षाची ‘ए’ म्हणजे १९७६, तिथून पुढे मोजत जायचं. महिन्याची ‘ए’ जानेवारी, ‘एल’ डिसेंबर. उजव्या क्रँकच्या पाठीवर ‘एल-एच’ होतं, म्हणजे ऑगस्ट १९८७. मागच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या पार्टावर, ‘एल-आय’, सप्टेंबर. डाव्या क्रँकवर ‘एल-जी’, जुलै. एकाच पार्टावरून निष्कर्ष काढू नये, कारण तो नंतर बसवलेला असू शकतो. इथे तीन पार्ट तीन महिन्यांच्या आत बसत होते. म्हणजे ती कारखान्यातूनच तशी आली होती आणि १९८८च्या हंगामासाठी बांधलेली होती.

फ्रेमही तेच सांगत होती. मागचा ब्रेक सीटखालच्या नळ्यांवर नसून चेनच्या बाजूच्या खालच्या नळ्यांच्या पोटाशी होता. हा यू-ब्रेक. १९८७-८८च्या सुमाराला बऱ्याच कंपन्यांनी तो असा खाली लावला आणि चिखल सगळा तिथेच बसतो हे कळल्यावर लवकरच सोडून दिला.

म्हणजे संग्रहालयातली ती सायकल ही नव्हे. काकूंना मी हे रविवारी सकाळी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही, शेजारच्या काकांना फार वाटलं.

मग ती काय होती? वरच्या दर्जाची, जपानी बांधणीची, जवळजवळ संपूर्ण डिओर एक्सटी पार्ट असलेली. डिओर एक्सटी हा शिमानोने १९८२मध्ये काढलेला, माउंटन बाइकसाठीचा पहिला संच. हिच्यावरचे पार्ट त्याच्या पुढच्या पिढीतले. त्यातले हँडलवर अंगठ्याने सरकवायचे गिअर आजही लोक शोधत असतात. हाताने बांधलेली दुर्मिळ फ्रेम ही नव्हे आणि साधी दुकानी सायकलही नव्हे. अशा मधल्या सायकलींचं मोल ठरवणं सगळ्यात अवघड. नावावर त्या तरत नाहीत. त्यांची किंमत मूळपणा, अवस्था आणि कागदपत्रं यांवर वर-खाली होते.

कागद मिळाले, ते अनपेक्षितपणे. दुपारी काकूंनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. ‘यात त्यांचं काहीतरी आहे सायकलीचं’ एवढंच त्यांना आठवत होतं. आत मूळ ग्रिप्स होत्या, चारही रिफ्लेक्टर, दातेरी कडांची मूळ पायडल्स, एक छोटं पुस्तक, लाँग बीचच्या दुकानाची मार्च १९८८ची पावती आणि मुंबई कस्टम्सला भरलेल्या ड्युटीची पावती. शिवाय एक फोटो. बोटीच्या डेकवर काका, ऑइलने माखलेल्या बॉयलरसूटमध्ये, सायकल धरून. फोटोतल्या टायरांच्या कडा फिकट तपकिरी आणि खाचा अगदी तशाच, मी फेकायला सांगितलेल्या टायरांसारख्या. मी धावत खाली गेलो. भंगाराची हातगाडी सकाळीच गेली होती.

पर्याय

विदेशात विकणं हा पहिला विचार. मागितलेल्या किमती पाहून काही कळत नाही, पूर्ण झालेले सौदे पाहायचे. आम्ही पाहिले तेव्हा या वयाच्या आणि अवस्थेच्या सायकली अमेरिकेत साधारण अडीचशे ते पाचशे डॉलरला गेलेल्या दिसल्या. खोक्यात बांधून पाठवायचा कुरिअरचा आकडा त्याच्या निम्म्याहून जास्त होता. पर्याय तिथेच संपला.

पार्ट सुटे करून विकणं. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याने गिअर, डिरेलर, हब, क्रँक आणि ब्रेक लिव्हर मिळून बावीस हजार सांगितले, फ्रेम आम्हालाच ठेवा म्हणाला. हिशेबाने हा वाईट सौदा नव्हता. जुन्या सायकलींचं हे दुखणंच आहे की सुट्या पार्टांची बेरीज अनेकदा अख्ख्या सायकलीपेक्षा मोठी भरते. पण पस्तीस वर्षं एकत्र राहिलेला संच, डबा आणि कागदांसकट, एकदा फुटला की पुन्हा जमत नाही. मी हे मत लपवलं नाही. काकूंना आकडाही सांगितला आणि माझं मतही.

रंग मारून विकणं. यावर मी ठाम विरोध केला. मूळ रंगाला ओरखडे असले तरी तो एकदाच लागतो. नव्या रंगाखाली जोडातली भेग, गंज, धडक काहीही लपलेलं असू शकतं, म्हणून जाणकार ग्राहक नवा रंग पाहिला की किंमत खाली आणतो. स्टिकर गेले की गेले. टेम्पो रद्द झाला.

राहता राहिला चौथा पर्याय. मूळ अवस्थेत, फक्त गंज थांबवून, भारतातल्याच एखाद्या संग्राहकाला देणं. पण त्याआधी एक गोष्ट पाहायची होती, आणि तिथे आम्ही अडकलो.

सीटपोस्ट

मुंबईच्या हवेतली सायकल बाहेरून पाहून खरेदी करू नये. खारी हवा सीटच्या फटीतून आत शिरते, ओल खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळीत, साठते आणि नळी आतून सडते. ते पाहायला सीटपोस्ट काढावा लागतो. हा निघेना. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट, पोलादाची नळी आणि मधे समुद्राचं मीठ, म्हणजे बॅटरीच झाली. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरून बसतात.

मुलगा आणि मिस्त्री पाइप पान्याच्या बाजूने होते. त्याने पोस्ट निघतो किंवा सीटजवळचा जोड चिरतो. कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळतं, पण पोस्टही जातो, रंगही जातो आणि गॅलरीत ते करणं धोक्याचं. मी दहा दिवस मागितले. जागा सोडायला अठरा दिवस होते.

सायकल उलटी टांगली, फटीत दररोज गंजतेल सोडलं. आठव्या दिवसापासून बर्फ. अ‍ॅल्युमिनियम गार झालं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, म्हणून तापवण्यापेक्षा गार करणं इथे उपयोगी. फडक्यात बर्फाचा चुरा बांधून पोस्टच्या बाहेरच्या भागाला अर्धा तास धरायचा, मग सीट दोन्ही हातांनी धरून हळूच पिळायची. आठव्या, नवव्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी कट्कन आवाज झाला. मला वाटलं चिरली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनाही तसंच वाटलं. पण पोस्ट केसभर फिरला होता. तो पूर्ण बाहेर यायला आणखी पाऊण तास लागला.

फ्रेम वर्तमानपत्रावर उलटी धरून ठोकली. चमचाभर तांबडी भुकटी पडली, पापुद्रे नाहीत. बॉटम ब्रॅकेट उघडून आत टॉर्च मारला, आतल्या कडा टोच्याने दाबून पाहिल्या. वरवरचा गंज होता, पोकळ झालेलं काही नव्हतं. मिस्त्रींनी छर्रे बदलले, ग्रीस भरलं. नळ्यांत डबल बॉइल लिन्सीड तेल ओतून फ्रेम सगळ्या अंगांनी फिरवली आणि दोन दिवस सुकू दिली. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या या तेलाचा पातळ थर आत वाळून बसतो.

निकाल

पुण्याचे एक संग्राहक जागा सोडायच्या आधी आले. मी त्यांना आधीच फोटो, अक्षरांचे कोड आणि कागदांच्या प्रती पाठवल्या होत्या. फोनवर त्यांनी पस्तीस हजारांची तयारी दाखवली होती, टायर आणि स्टिकर प्रत्यक्ष पाहीन या अटीवर. स्टिकर अर्धं, टायर नाहीत. ते अठ्ठावीसवर आले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्या काळचे तसे टायर मिळवायला त्यांना वर्ष लागू शकतं आणि तेवढे पैसेही. काकूंनी अठ्ठावीस हजार स्वीकारले.

संग्राहकांना मी एकच विनंती केली की मागच्या चाकावरची चेन आधी बदला. या हबवरची दातेरी चक्रं जुन्या युनिग्लाइड पद्धतीची आहेत. ताणलेल्या चेनने ती झिजली तर जोडीची मिळणं कठीण.

काय वेगळं करता आलं असतं

टायरचे सात हजारांतले निदान चार-पाच माझ्या एका वाक्याने गेले असं मी धरतो. मी लोकांना ‘हात लावू नका’ सांगत होतो आणि पहिली वस्तू मीच घराबाहेर काढायला लावली. रबर खराब आहे म्हणजे ते चालवायला खराब आहे. संग्राहक ते चालवत नाही, भिंतीवर टांगतो. आता सौदा पुरा होईपर्यंत एक नटसुद्धा मी घराबाहेर जाऊ देत नाही.

दुसरं, घरच्यांना डब्याबद्दल मी तिसऱ्या दिवशी विचारलं. पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. फोटो शुक्रवारी पाहिला असता तर टायर वाचले असते. सीटपोस्टसाठी मात्र दहा दिवस घेतले ते बरोबर होतं असं आजही वाटतं, जागेची तारीख डोक्यावर असतानाही.

तिसरी गोष्ट मला सौद्याच्या दिवशी कळली. संग्राहकांसाठी मी दोन रकान्यांची यादी केली होती. एकात मूळ पार्ट, दुसऱ्यात ‘नंतर बसवलेलं, किंमत शून्य’. दुसऱ्या रकान्यात कॅरिअर, स्टँड, मडगार्ड आणि घंटी. काकूंनी चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, “हे त्यांना नकोच आहे ना?” संग्राहक म्हणाले, “नाही काकू, आम्ही ते काढूनच टाकणार.”

“मग इथेच काढा. हा शाळेत जायचा तेव्हा ह्यांनी बसवली होती. मागे बसून हाच वाजवायचा.”

घर रिकामं करणाऱ्या माणसाला काय ठेवून घ्यायचं आहे, हे मी अठरा दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं. आता यादीत तो रकाना पहिला असतो. त्या दिवशी संग्राहकांनी स्वतःच गाडीतून पान्यांचा संच आणला. घंटीचा स्क्रू गंजला होता. त्यांनी तेलाचा एक थेंब सोडला आणि आम्ही सगळे चहा होईपर्यंत थांबलो.